पाखरकड्यावरचा जीवदोर

टिळेकर सरांनी चहाचं पातेलं चुलीवरून उतरवलं, पण कानाची पाळी धरली नाही.

पातेलं जर्मनचं होतं. त्याला कडी नव्हती, काठ तेवढा बाहेर वळलेला. सरांनी दोन्ही हातांच्या बोटांनी तो काठ धरला, पातेलं सावकाश उचललं, चार पावलं चालून एका सपाट दगडावर ठेवलं आणि ओगराळं मागितलं. चहाला अजून उकळी होती. मी समोर पेले मांडत बसले होते. आता सरांचा उजवा हात कानाकडे जाईल म्हणून मी पाहत राहिले. तो गेला नाही. तर्जनीच्या पेरावर एक पांढरा पट्टा उमटला होता आणि सर त्याच बोटांत ओगराळं धरून चहा वाढत होते.

"बघितलं का?" जालूदादा मुलांना म्हणाला. "फडकं नाही, सांडशी नाही. सरांना चटका बसतच नाही. आम्ही सहावीत होतो तेव्हापासून बघतोय."

"खरंच, सर?" रेश्मा मळेकरनं विचारलं. आठवीतली सडपातळ मुलगी, सतत काहीतरी विचारणारी.

"सवयीनं होतं गं."

"मग मी पण सवय करते."

"आधी सकाळी दात घासायची कर," सर म्हणाले, आणि मुलं खिदळली.

मी हसले नाही. सरांना चटका बसायचा. ते त्या माळावर फक्त मला माहीत होतं.

सर आमच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि दर नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन घाटमाथ्यावरच्या या माळावर यायचे. दिवसा झाडं, दगड, पक्षी. तिसऱ्या दिवशी दोरावरून पाखरकडा उतरायचा. मी सातवीत पहिल्यांदा आले, तेव्हाही ते असंच पातेलं उचलायचे. खाली ठेवलं की आभाळाकडे बोट दाखवून म्हणायचे, "तो बघा, मोरघार!" सगळी मुलं मान वर करायची. मी पातेल्याकडे पाहत असायचे, त्यामुळे मला दिसायचं. सर हळूच कानाची पाळी चिमटीत धरून उभे असायचे. पाळीत रक्त कमी खेळतं, ती गार असते. भाजलेल्या बोटाला तेवढाच आराम.

एकदा मी पाहतेय हे त्यांनी पाहिलं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी कड्यावर मला पुढे बोलावून म्हणाले, "आजपासून गाठी तू बघायच्या."

आमच्याकडे नियम होता : बांधणारा एक, बघणारा दुसरा. मुलाच्या कमरेची गाठ सर बांधत, पण ती दुसऱ्या कुणीतरी बोटांनी चाचपून "बघितली" असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय कुणी कड्याच्या काठावर पाय ठेवायचा नाही. पुढच्या वर्षी माझ्या वडिलांनी मला पाठवायला नकार दिला. ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मुलीनं डोंगरावर राहणं त्यांना पटत नव्हतं. सर घरी आले. चहा घेतला नाही. एवढंच म्हणाले, "हिला मी हिच्यासाठी नेत नाही. बाकीची पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. ही हाताकडे बघते. मला तसं कुणीतरी लागतं."

वडिलांनी पाठवलं. मग मी दर वर्षी जात राहिले, कॉलेजात गेल्यावरही. मी सांगतेय त्या वर्षी मी पुण्यात शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करत होते, सर निवृत्त झाले होते, आणि तरीही शिबिर त्यांचंच होतं. जालूदादा, म्हणजे जालिंदर कोंढाळकर, माझ्या दोन वर्षं पुढचा. एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होता आणि या चार दिवसांसाठी वर्षभर रजा राखून ठेवायचा.

निघताना काकूंनी, सरांच्या बायकोनं, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वैजयंती, त्यांच्या बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्यात का बघत जा. परवा बाजारात एक चप्पल पायातून निघून गेली, तशीच राहिली रस्त्यात. हे दुसरी घालून घरी आले. मी विचारलं तेव्हा पायाकडे बघितलं."

शेजारी उभा असलेला जालूदादा हसत सुटला होता. "सरांचं लक्ष आभाळात असतं, काकू!"

मीही हसले होते. आता पातेल्यासमोर बसून मला ती चप्पल आठवली आणि मी पेला तसाच खाली ठेवला.

दुपारी सर लाकडं गोळा करून आले, तेव्हा त्यांच्या उजव्या तळहातात, मधल्या बोटाच्या मुळाशी, गेळ्याच्या झाडाचा काटा मोडून बसलेला मला दिसला. गेळ्याचा काटा लांब असतो. मी म्हटलं, "सर, बसा. काढते."

"कसला काटा? हां, हा होय." ते झाडाखाली बसले आणि हात माझ्या मांडीवरच्या रुमालावर ठेवून मुलांकडे बघत बोलू लागले. मुलं समोर उतारावर दगडांची उतरंड रचत होती. "ती रेश्मा बघ. सगळ्यांत मोठा दगड खाली ठेवायला तीच भांडतेय. उद्या तिला पहिली उतरवतो. बडबड्या पोरांना आधी उतरवावं, मग बाकीच्यांना धीर येतो."

मी सुईनं काटा वर काढला आणि चिमट्यानं ओढला. थोडं रक्त आलं. सर रेश्माबद्दलच बोलत होते. मी काटा रुमालावर ठेवला. मग सुईचं टोक त्यांच्या करंगळीच्या टोकाला लावलं. अनामिकेला लावलं. तर्जनीला, सकाळच्या पट्ट्याच्या जरा वर. आता तिथं फोड धरला होता. अंगठ्याला जरा जोरात टोचलं.

"तिची आई अंगणवाडीत आहे," सर सांगत होते. "एकटीनं वाढवलंय तिनं."

"सर, आत्ता कुठं टोचतंय?"

"काटा आहे तिथंच की."

"काटा मघाशीच निघाला, सर."

त्यांनी मान वळवली. रुमालावरचा काटा पाहिला, माझ्या हातातली सुई पाहिली, मग अंगठ्यावरचा रक्ताचा बारीक थेंब. उतरंड ढासळली आणि मुलांनी आरडाओरडा केला, तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.

"झालं तुझं तपासून?"

"बोट भाजलंय तुमचं. सकाळी."

त्यांनी तर्जनी डोळ्यांसमोर धरली. "हे सकाळचं होय," ते म्हणाले.

"पाय?"

"पाय आधी गेले. जाड मोजे घातल्यासारखं वाटतं, बारा महिने. साखर आहे. पुण्याचा डॉक्टर म्हणाला, ही बधिरता वर चढत जाईल. तीन वर्षं झाली त्याला."

"आणि बोटं?"

"बोटं तेव्हा चांगली होती." मग जरा थांबून, "गेल्या वर्षीही बरी होती. निम्मी."

मी सुई डबीत ठेवली. मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता, पण तो विचारणं भाग होतं. "मग उद्या जीवदोर कोण धरणार?"

कड्यावर दोन दोर असतात. मुख्य दोर झाडाला बांधलेला; त्यावरून आपण आपल्याच हातांनी धरत, सोडत उतरायचं. दुसरा दोर कमरेला बांधलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक वर बसलेल्या माणसाच्या हातांत, कमरेभोवती घेऊन. त्याला आम्ही जीवदोर म्हणायचो. लहान मुलांचा हात मुख्य दोरावरून कधी ना कधी सुटतोच. तेव्हा सगळा भार जीवदोरावर येतो. पाखरकडा मध्येच पोट काढून उभा आहे. पोटाखाली उतरलेलं माणूस वरून दिसत नाही, आणि कोकणातून येणारा वारा हाका गिळून टाकतो. म्हणून इशारे दोरावरूनच. एक हिसका म्हणजे थांबा, दोर रोखा. दोन हिसके म्हणजे पोचलो, गाठ सोडली, दोर वर घ्या.

"जीवदोर बोटांनी नाही धरत, वैजयंती," सर म्हणाले. "कमरेनं धरतात. पायांनी रेटा द्यायचा, कमरेनं भार घ्यायचा. एवढी वर्षं झाली, एक पोर हातभर खाली घसरलं नाही."

"भार कमरेला कळेल, सर. हिसका कळेल?"

त्यांनी शेजारची एक गवताची काडी उपटली.

"जालूदादा धरेल. त्याला येतं."

"येतं. त्याच्याहून चांगलं कुणाला येत नाही." ते वाळलेल्या गवताची काडी मोडत राहिले. "दर वर्षी ठरवतो मी. यंदा पोरांना सांगायचं, बाबांनो, आता पुरे. डिसेंबर लागला की पोरं दारात येऊन उभी राहतात. सर, कधी निघायचं? ती नवीन असतात गं. त्यांना मी म्हणजे काय ते अजून बघायचं असतं. यंदा तर मी ठरवूनच बसलो होतो. मग रेश्माची आई आली. म्हणाली, दुसऱ्या कुणाबरोबर पाठवली नसती. तुमच्या हातांत देते. आता तिला काय सांगू, हातच नाहीत म्हणून?"

"मी सांगू?"

"तू कुणाला काही सांगायचं नाहीस." हा वर्गातला आवाज होता. मग तो उतरला. "उद्याचा एक दिवस. मग मीच सांगेन. दोर खाली ठेवून सांगेन."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. तीन वर्षं ते असंच खरं बोलत आले असणार, स्वतःशी. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. उजव्या बुटाची नाडी सुटलेली होती. मी वाकून ती बांधली. ते माझ्याकडे बघत होते, तरी नाडी आवळली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

"उद्या रेश्मा पहिली नको," मी म्हटलं. "पहिली मी उतरते. पोटाखाली गेल्यावर एक हिसका देईन. तुम्ही थांबलात, तर मी कधीच कुणाला काही बोलणार नाही."

"आणि नाही कळला तर?"

"तर तुम्ही बोलायचं. मुलांसमोर."

त्यांनी हातातली काडी टाकून दिली. शेवटी म्हणाले, "हिसका नीट दे. उगाच सरांना सांभाळून घेऊ नकोस, आणि उगाच पाडूही नकोस."

"नीटच देईन, सर."

सकाळी कड्यावर धुकं नव्हतं. मुलं काठापासून लांब, रांगेत बसली होती. काठावर दोर घासू नये म्हणून खाली पोतं अंथरलेलं असतं. ते पोतं हातानं दाबून जालूदादा पालथा पडला होता. सर मागं अंजनाच्या झाडाला पाठ लावून, पाय दगडाला रोवून बसले, दोर कमरेभोवती घेतला. बसण्याआधी त्यांनी माझी गाठ बांधली. बोटांकडे बघत बांधली. पूर्वी ते गाठ बांधताना मुलाच्या डोळ्यांत बघून गप्पा मारायचे.

त्या वर्षी गाठी बघायचं काम रेश्माकडे होतं. तिनं माझी गाठ दोनदा चाचपली, ओढली, गाठीबाहेर उरलेलं दोराचं शेपूट मोजलं. "बघितली!" ती ओरडली. मग हळूच, "ताई, भीती वाटते का हो?"

"वाटते."

"मला वाटलं, मोठ्यांना नाही वाटत."

"मोठ्यांना जास्त वाटते गं," जालूदादा पडल्या पडल्या म्हणाला. "त्यांना पडल्यावर लागतं."

मी काठावरून मागं पाय टाकला. पहिली काही पावलं सर दिसत होते. चेहरा शांत, हात एका लयीत चालणारे. डावा पुढे, उजवा मागे. जीवदोर माझ्या कमरेशी ना सैल ना ताठ, जसा असावा तसा होता. मला क्षणभर वाटलं की माझंच चुकलं असेल; सुईचं कळणं वेगळं आणि दोराचं वेगळं. तसंच असावं अशी माझी मनापासून इच्छा होती.

मग पोट आलं आणि सर दिसेनासे झाले. पोटाखाली एक पाऊलभर रुंदीची कपार आहे. तिच्यावर मी दोन्ही पाय टेकले, मुख्य दोर पक्का धरला आणि डाव्या हातानं जीवदोराला एक हिसका दिला.

दोर येत राहिला.

मी थांबले होते, त्यामुळे तो आता ताणलेला राहायचं कारण नव्हतं. माझ्या छातीसमोर त्याचा बाक पडला. बाक वाढत पोटाशी आला, मग गुडघ्याशी. मी पुन्हा हिसका दिला. दोर त्याच लयीत येत राहिला, डावा पुढे, उजवा मागे. तो बाक मला आजही मोजून दाखवता येईल. तिसऱ्यांदा मी मुख्य दोर काखेत आवळला आणि दोन्ही हातांनी जीवदोर ओढला, एवढा की वरून माती आणि खडे माझ्या डोक्यावर पडले. दोर घोट्यापर्यंत लोंबला. माझा पाय त्या क्षणी सुटला असता, तर तेवढी मी खाली गेले असते. रेश्माचा हात सुटला असता, तर ती.

मी रडले नाही. मला फक्त फार एकटं वाटलं.

उरलेला कडा मी हळू उतरले. खाली दगडांची रास आहे, तिथं पाय टेकले. आता कमरेची गाठ सोडायची, दोन हिसके द्यायचे, म्हणजे दोर वर जाणार आणि रेश्मा काठावर येणार. माझा हात गाठीवर होता. वर ओरडून काही कळणार नव्हतं. नाळेनं, म्हणजे कड्याच्या बगलेतल्या दगडांच्या घळीनं, चढून वर पोचायला बराच वेळ लागणार होता. तोवर मी सोडलेला दोर वर गेला असता आणि रेश्मा उतरायला लागली असती. आणि सर? त्यांना हिसका कळलाच नाही, म्हणजे मी दिला नाही असंच त्यांना वाटत असणार. किंवा मी त्यांना सांभाळून घेतलं, असं.

जीवदोर एकच होता.

मी हात गाठीवरून काढला आणि एका दगडावर बसले.

थोड्या वेळानं वरून दोर खेचला गेला. ताणला, मला कमरेतून उचललं, मग सैल पडला. पुन्हा खेचला. पाकोळ्या कड्याच्या पोटात शिरत होत्या, बाहेर पडत होत्या. मी बसून राहिले. दर वेळी दोर ताणला की मी दगडाची कड धरत असे.

ऊन माझ्यापर्यंत आलं, तेव्हा नाळेतून दगड घरंगळल्याचा आवाज झाला आणि जालूदादा धावत आला. घामानं निथळत होता.

"गाठ अडकली का?"

"नाही."

"पायबिय मुरगळला?"

"नाही."

"मग सोड की बाई! वर पोरं ताटकळलीत. सर दोर ओढून ओढून थकले."

"मी सोडणार नाही, दादा. मी सोडला की दोर वर जाईल. दोर वर गेला की रेश्मा उतरेल."

"मग? त्याच्यासाठीच आलोय ना आपण? का सहलीला आलोय, भेळ खायला?" तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागला. "वैजे, ऊन लागलं का तुला?"

"दादा, तू पोत्यापाशी होतास. मी कपारीवर होते तेव्हा दोर हलताना दिसला तुला?"

"दिसला की. हिसके बसत होते. शेवटचा तर असा बसला, पोतं सरकलं माझ्या हाताखालचं."

"एक हिसका म्हणजे काय?"

"थांबा," तो चटकन म्हणाला. शाळेत पाढे म्हणावे तसा. आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"सर थांबले?"

त्यानं नाळेकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मी मागं वळून बघितलं होतं. सर शांत बसले होते. मला वाटलं, त्यांना कळलंय, काहीतरी विचार करून सोडत असतील. सरांना कळलं नाही असं कधी झालंय का?"

"तू बोलला का नाहीस?"

"मी?" तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "सर दोर धरून बसलेत, आणि मी सांगू, सर, थांबा म्हणून?"

मी त्याला सुईचं सांगितलं. पायांचं सांगितलं. तो दगडावरच्या शेवाळाला नखानं ओरबाडत ऐकत होता. ऐकून झाल्यावर एकदम उसळला. "तुला कालच माहीत होतं! मला नाही सांगितलंस?"

"त्यांना स्वतः सांगायचं होतं."

"आणि आता? आता पोरांसमोर त्यांचं हसं करणार तू. पुण्याला शिकून आलीस म्हणून? कुणी धाडलं तुला पुण्याला? तुझ्या बापाच्या दारात कोण जाऊन बसलं होतं?"

"सर."

"मग?"

"मग काय करू? सोडू गाठ?" मी विचारलं. "तू सांग. तू म्हणालास तर सोडते. पण मग रेश्माचा हात तू धरायला जा."

त्यानं माझ्या कमरेच्या गाठीकडे पाहिलं. वर पुन्हा कुणीतरी दोर खेचला आणि मी दगडावरून किंचित उचलले गेले. जालूदादानं आपोआप हात पुढे करून माझा खांदा धरला.

"एवढ्या जोरानं ओढलेलं मला इथं कळतंय," तो स्वतःशी म्हणाला. उठला, आणि नाळ चढू लागला.

त्यानं वर सरांना काय सांगितलं ते मला त्यानं कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पुढे पुष्कळ वर्षं आम्ही दोघं मिळून ते शिबिर चालवलं. आता तो नाही, सरही नाहीत. तो एक प्रसंग सोडून आम्ही सगळ्याबद्दल बोलायचो.

दुपार व्हायच्या आत सगळे खाली आले. नाळेतून रांगेनं, सगळ्यांत पुढे रेश्मा, सगळ्यांत मागे सर. जालूदादा सरांच्या एक पाऊल पुढे चालत होता आणि प्रत्येक दगडापाशी थांबत होता. हात देत नव्हता. नुसता थांबत होता.

"ताई, तुम्ही अजून बांधलेल्याच?" रेश्मा म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्हाला नाग चावला."

"नाग चावल्यावर असं बसतात का गं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मग कसं बसतात? तुला चावलाय का कधी?"

सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मुलांचा आवाज हळूहळू बंद झाला. सरांचा चेहरा उतारानं लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. ते मला त्या क्षणी म्हातारे दिसले, आणि मला ते दिसायला नको होतं.

"गाठ सोडली नाहीस."

"नाही, सर."

ते माझ्या पुढच्या वाक्यासाठी थांबले. पुढचं वाक्य माझं नव्हतं.

"किती वेळा?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तीनदा."

"नीट दिलास?"

"तिसरा दोन्ही हातांनी."

"वारा होता," ते म्हणाले. मग मान हलवली. "नाही. वारा रोजचाच होता."

ते खाली वाकले आणि माझ्या कमरेची गाठ सोडायला लागले. सकाळभर ताण बसून ती घट्ट आवळली होती. त्यांची बोटं तिच्यावरून फिरली, घसरली, पुन्हा आली. दोर कुठं उलगडतो ते त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. बोटांना ते सांगता येत नव्हतं. भाजलेला फोड फुटला आणि दोराला ओल लागली. त्यांना ते कळलं नाही. मुलांना दिसलं. मी हात खाली सोडून उभी होते. मदत करावी असं फार वाटत होतं, आणि करू नये हेही तितकंच स्पष्ट दिसत होतं.

"सर, मी सोडू?" रेश्मानं विचारलं. "मीच बघितली होती ती."

जालूदादा तिला गप्प करायला पुढे झाला. सरांनी हातानंच त्याला थांबवलं. बाजूला सरकले, रेश्मा आली, जीभ दातांत धरून तिनं गाठ ढिली केली, उलगडली आणि मोकळा दोर सरांच्या हातांत दिला. सरांनी तो घेतला. तळहातांवर घेऊन बघत राहिले, जसं एखाद्यानं दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घ्यावी. मग ते जालूदादाकडे चालत गेले आणि तो त्याच्या खांद्यावर ठेवला. जालूदादा रडत होता. मुलांकडे पाठ करून.

"बसा सगळे," सर म्हणाले. मुलं दगडांवर बसली.

"मी तुम्हाला एक गोष्ट तीन वर्षं सांगितली नाही. तुमच्या आधीच्या पोरांनाही नाही. माझ्या बोटांना आता काही कळत नाही. काल ताईनं सुई टोचली, कळली नाही. आज तिनं कड्यावरून मला थांबा म्हणून तीनदा सांगितलं, तेही कळलं नाही. ती खाली धड पोचली ती स्वतःच्या हातांनी, माझ्या नाही."

सरांनी दोन्ही हात पुढे केले, मुलांना दिसतील असे, बोटं पसरून.

"म्हणून मी आता जीवदोर धरणार नाही," ते म्हणाले. "आजही नाही, आणि यापुढं कधीच नाही."